ज्येष्ठांचं तिकीट

ऑफिसात त्याला सगळे अंपायर म्हणत. दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम चालतात की नाही हे सांगणं त्याचं काम, आणि सांगण्याची पद्धतही तशीच. आउट किंवा नॉट आउट, पुढे चर्चा नाही. लांब पल्ल्याच्या बसची तिकिटं विकणारी एक वेबसाइट होती, तिच्या चाचण्या तो लिहायचा. अशी चाचणी म्हणजेही एक छोटा प्रोग्रॅमच. तो माणसाचं सोंग घेऊन साइटवर जातो, तिकीट काढतो, बटणं दाबतो, आणि सगळं ठीक झालं तर भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. बिघडलं तर लाल. या चाचण्या रोज सकाळी आपोआप चालत. ऑफिसात शिरणारा प्रत्येक जण आधी पडद्याकडे बघे, मग एकमेकांकडे. ज्याच्यामुळे लाल लागला त्याने सगळ्यांना चहा पाजायचा, असा तिथला नियम होता. गेले कित्येक महिने कुणाला असा फुकटचा चहा मिळाला नव्हता.

आई हिवाळ्यात गेली. आठवड्याभरात तो कामावर हजर झाला, तेव्हा लोक म्हणाले, माणूस खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर झाला होता. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं त्याचं सगळं अंगच झालं होतं, आणि ते उतरायचं नाव घेत नव्हतं. तो वेळेवर उठायचा, वेळेवर जेवायचा, लोक हसले की हसायचा. घरी तो आणि बाबा अशी दोनच माणसं उरली होती. दोघंही एकमेकांची इतकी काळजी घेत की बोलणं जवळजवळ बंदच पडलं होतं.

ताई दुसऱ्या गावी असते, दिवसभराच्या बसप्रवासावर. बाबांनी आता कायमचं तिच्याकडे जावं, ही कल्पना तिचीच.

“अरे, पण त्यांना नीट विचारलंस का?” ती फोनवर म्हणाली होती. “मला हवेच आहेत ते इथे. पण मनापासून येताहेत ना? नाहीतर उगाच मन मारून येतील.”

“विचारतो,” तो म्हणाला.

आणि त्याने विचारलंही. सकाळी निघताना, एक पाय बुटात घालून. “बाबा, ताईकडे जायचं ना तुम्हाला?” बाबांनी वर्तमानपत्रातून मान वर केली. तोवर दुसराही बूट चढला होता आणि दार लागलं होतं. ऑफिसात पोचल्यावर त्याने ताईला कळवलं की विचारलं. मग आपल्याच साइटवरून बाबांचं तिकीट काढलं, ज्येष्ठांच्या सवलतीतलं, खिडकीजवळचं. बाबांच्या फोनवर ते पाठवून दिलं आणि एक काम उरकलं.

त्या तिकिटाची बस उद्या सकाळी सुटणार होती. बाबांची बॅग दाराशी येऊन उभी राहिली होती.

आज मोठ्या मॅडम स्वतः त्याच्या टेबलाशी आल्या. तेव्हाच त्याने ओळखलं, काहीतरी शिजतंय.

“म्हातारी माणसं फोन करताहेत,” त्या म्हणाल्या. “तिकीट रद्द होत नाही म्हणतात. आपले मदतवाले त्यांना सांगताहेत, तुमचा फोन जुना असेल, नातवाला विचारा.”

“चाचणी हिरवी आहे,” अंपायर म्हणाला.

“पुन्हा चालव.”

त्याने चालवली. हिरवी.

“मग काय, सगळी म्हातारी माणसं मिळून खोटं बोलताहेत?”

त्याने पडद्यावरच्या हिरव्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. खरं तर त्याला काही वाटलंच नव्हतं. मॅडमनी कपाळाला आठी घातली आणि त्या गेल्या. शेजारी डुलकी बसायचा. बटणं बनवण्याचं काम त्याचं. दुपारी जेवण झालं की हा गडी स्क्रीनकडे बघत, डोळे उघडे ठेवून झोपायचा, म्हणून हे नाव. पण जागा असला की डोकं तल्लख. त्याने खुर्ची सरकवली.

“तुझी चाचणी नक्की बघते ना रे? की नुसत्या पाट्या टाकते?”

“हिरवी आहे.”

“हिरवी आहे हे दिसतंय मला. ती कधी लाल होऊ शकते का, ते विचारतोय. मुद्दाम चुकीचं काहीतरी विचार तिला.”

चाचणीच्या शेवटच्या ओळीत विचारलेलं होतं की, पानावर ‘तिकीट रद्द झाले’ असं दिसतंय का? अंपायरने ते खोडून त्या जागी ‘आज सुट्टी आहे’ लिहिलं. चालवली. हिरवी. डुलकीला चेव आला. त्याने कीबोर्ड ओढून घेतला आणि ‘जगबुडी झाली’ असं लिहिलं. हिरवी. मग ‘डुलकीचा पगार वाढला’ असं लिहिलं. तेही हिरवं. डुलकी पोट धरून हसला. अंपायरही हसला, कारण समोरचा हसत होता.

पाणी कुठं मुरतंय ते आता शोधायचं होतं. त्याने ओळ न् ओळ वाचत आणली. सोंगाडी माणूस साइटवर येतो, ज्येष्ठांचं तिकीट काढतो, ‘रद्द करा’ दाबतो, मग विचारतो की रद्द झालं का? आणि इथेच घोडं अडलं होतं, म्हणजे खरं तर अडायला हवं होतं ते सुसाट सुटलं होतं. पान उघडायला, निरोप यायला थोडा वेळ लागतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या आधी एक सूचना लिहावी लागते, उत्तर येईपर्यंत पुढे जाऊ नकोस अशी. बाकी सगळ्या चाचण्यांत ती होती. या एकीत नव्हती. त्यामुळे चाचणी प्रश्न विचारायची आणि उत्तर कानावर पडायच्या आत निघून जायची. तक्रार काही ऐकलीच नाही, म्हणजे सगळं ठीक, असं धरून पडद्यावर हिरवा ठिपका. उत्तर मागाहून येत असणार, पण ते ऐकायला तिथे कुणी नसायचं.

“कुणी लिहिली ही?” डुलकीने विचारलं, आणि उत्तर स्वतःच बघितलं. कुठली ओळ कुणी कधी लिहिली हे तिथे शेजारीच दिसतं. चाचणी अंपायरची होती. आई गेल्यानंतर तो कामावर आला, त्याच आठवड्यातली.

डुलकीचं हसू मावळलं. “असू दे रे,” तो म्हणाला. “तेव्हा तू कुठे होतास भानावर.”

अंपायरने मूळ प्रश्न परत जागेवर घातला, त्याआधी ती सूचना लिहिली आणि चाचणी चालवली. या वेळी ती खरोखर थांबली. थोडा वेळ काहीच झालं नाही, आणि मग भिंतीवर लाल ठिपका उमटला. सगळ्या ऑफिसाच्या माना वळल्या. कुठूनतरी आवाज आला, “चहा कुणाकडून?”

“माझ्याकडून,” अंपायर म्हणाला.

चहा आला. मॅडमही कप घेऊन उभ्या राहिल्या, आणि एकदाचं कळलं म्हणून त्यांचा जीव भांड्यात पडला. डुलकीने आता साइट उघडून स्वतःच्या हाताने ज्येष्ठांचं एक खोटं तिकीट काढलं आणि ‘रद्द करा’ दाबलं.

“हे बघ,” तो म्हणाला. “गोल गोल फिरतं, आणि परत तिकीटच दाखवतं.”

अंपायरच्या हातातला कप तसाच राहिला. हे वाक्य त्याने आधी ऐकलं होतं. शब्द न् शब्द हेच. कुठे, ते लगेच आठवेना, आणि मग आठवलं. घरी, जेवताना, याच आठवड्यात. बाबांनी आमटीत चमचा फिरवत म्हटलं होतं, “तुमच्या त्या साइटवर रद्द होत नाही रे. गोल गोल फिरतं, आणि परत तिकीटच दाखवतं.” तो म्हणाला होता, “बाबा, सगळं हिरवं आहे आमचं.” आणि ताट घेऊन उठला होता.

बाबांकडे तिकीट एकच होतं.

एवढी साधी गोष्ट कळायला त्याला लाल ठिपका लागला. दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारा माणूस, आणि घरात समोर बसून सांगितलेलं त्याने कानामागे टाकलं होतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. त्याने वाट पाहिली, पण काही वाटलं नाही. नुसता चहा गार झाल्याचं कळलं. त्याने कप ठेवला आणि बॅग उचलली.

“बटण आज होईल का?” त्याने विचारलं.

“बघतो. जाग राहिली तर होईल,” डुलकी म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघून पुढे म्हणाला, “होईल रे. तू जा.”

घरी पोचला तेव्हा बाहेर अजून उजेड होता. बाबा आतल्या खोलीत पलंगावर बसले होते. अंगात बाहेरचा शर्ट, उद्याचा. इस्त्री मोडू नये म्हणून पाठ न टेकता बसलेले. शेजारी आईची उशी होती, ती कुणी हलवली नव्हती.

“लवकर आलास?” ते म्हणाले.

त्याने बूट काढले. दोन्ही काढले, जागेवर ठेवले, आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसला.

“बाबा, तुम्हाला ताईकडे जायचंय का?”

बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मग बाहेर दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघितलं. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा तो पीं पीं आवाज येत राहिला आणि बंद झाला. त्याच्या तोंडाशी आलं होतं, की असू द्या, सावकाश सांगा, किंवा पाणी आणू का. ते गिळून तो बसून राहिला. एखाद्या प्रश्नापुढे इतका वेळ बसायची त्याची सवय पार मोडली होती.

“तिकीट काढलंस तू,” बाबा शेवटी म्हणाले. “मला वाटलं, तुला तसंच हवंय.”

“मला काय हवंय ते नका सांगू.”

“नाही, मी पण आधी म्हटलं, बरंच आहे.” बाबांनी शर्टाची बाही सारखी केली. “तुझी आई गेली आणि तू एकदाही रडला नाहीस. या घरात तरी मी पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, मी सारखा समोर असतो, म्हणून याला मोकळं होता येत नाही. मी गेलो तर निदान दार लावून रडेल.”

तो ऐकत होता.

“मग ते बटण दाबायला लागलो,” बाबा म्हणाले. “म्हटलं, मीच नसलो तर याला बघणार कोण. रोज दाबायचो. रोज तेच. तुझ्या आईच्या उशीला सांगून ठेवलं, की आता आपलं काही चालत नाही, निघावं लागणार.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं ना. जेवताना.”

त्याने मान हलवली. बाबांनी उशीखालून फोन काढला, चष्मा लावला, आणि बोटाने जपून एक बटण दाबलं. चक्र फिरायला लागलं. डुलकी जागा होता की नाही, कुणास ठाऊक.

“हे बघ, हे असंच फिरतं,” बाबा म्हणाले.

“फिरू द्या. नाही झालं तर तुमची जागा रिकामी जाईल. ताईला मी सांगतो.”

बाबांनी फोन मांडीवर उलटा ठेवला आणि चष्मा काढला.

“आणि तू रे?” ते म्हणाले. “तू बरा आहेस का?”

‘हो’ जिभेवर तयारच होतं. गेले कित्येक महिने ते तिथेच असायचं, विचारणाऱ्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत निघायचं. या वेळी त्याने तोंड उघडलं आणि शब्द निघाला नाही. त्याने बाबांकडे बघितलं. बाबांना कुठे जायचं नव्हतं, ते तसेच बसून होते.

“नाही,” तो म्हणाला.

बाबा पलंगावर थोडे सरकले, आणि त्याला बसायला जागा करून दिली.