कार्योत्तर मंजुरी

आधी काम उरकून टाकायचं आणि मग साहेबांची सही घ्यायची, याला सरकारी भाषेत कार्योत्तर मंजुरी म्हणतात. या एका विद्येवर विनायकराव लोखंडे केंद्र सरकारात चौतीस वर्षांत सेक्शन ऑफिसर झाले होते. त्यामुळे शहाण्णव साली, रिटायर व्हायच्या आधी, परस्पर नोएडात फ्लॅट ठरवून ते दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये परतले, तेव्हा बायकोची सही मिळेल याबद्दल त्यांना शंका नव्हती.

सुनंदाबाई एवढंच म्हणाल्या, "अच्छा." दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाल्या, "तुम्ही जा. मी नगरला ताईकडे राहीन."

या क्वार्टरमध्ये बावीस वर्षं सुनंदाबाई दर मंगळवारी चर्चच्या बायकांची प्रार्थना घेत होत्या. नोएडाच्या त्या सेक्टरमध्ये प्रार्थनेला माणसं जमवायची तर आधी माणसं राहायला यावी लागणार होती.

आता वरिष्ठांकडेच जाणं भाग होतं. चर्चने गुडगावबाहेर तीन दिवसांची मौनाची रिट्रीट ठेवली होती. रिट्रीटला आजवर 'देवाच्या नावाने कॅज्युअल लीव्ह' म्हणणाऱ्या विनायकरावांनी पहिलं नाव दिलं. देवाने हो म्हटल्यावर सुनंदा काय बोलणार?

रिट्रीटच्या जागेच्या भिंतीपलीकडे नवी कॉलनी उठत होती. तिथल्या काँक्रीट मिक्सरला मौनाची सूचना पोचलेली नव्हती. विनायकरावांनी पहिल्या दिवशी देवासमोर प्रकरण चार मुद्द्यांत मांडलं. दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र दिलं. तिसऱ्या दिवशी सांगण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा भलतंच आठवलं. मंगळवारी ऑफिसातून आल्यावर आतली गाणी संपेपर्यंत ते जिन्यात बसत. आपण चहासाठी थांबतो, असं त्यांना वाटे. पण गाणी लवकर संपली की त्यांना चुकल्यासारखं व्हायचं.

पाळक नरसिंह साळवे यांच्याशी रोज दहा मिनिटं बोलायची मुभा होती.

"पाळकसाहेब, वरून काही उत्तर नाही."

"विचारलंत काय?"

"नोएडाचा निर्णय बरोबर आहे ना, हे."

"आणि सुनंदाबाईंना काय विचारलंत?"

विनायकराव गप्प झाले. तीन दिवसांतलं हे त्यांचं पहिलं मौन, असं पाळकसाहेब म्हणाले नाहीत, कारण ते सज्जन होते.

संध्याकाळी घरी पोचल्यावर बॅग खाली ठेवायच्या आतच ते म्हणाले, "सुनंदा, मी तुला विचारायला हवं होतं. आता विचारतो. जायचं का?"

"आणि नाही म्हटलं तर?"

चारही मुद्दे जिभेवर आले. ते त्यांनी गिळले. "तर नाही. दुसरं बघू."

"अहो, तिथे काय खायला घातलं तुम्हाला?"

मग सुनंदाबाई बोलायला बसल्या. नोएडापासून सुरुवात झाली आणि गाडी लग्नापर्यंत मागे गेली. रिट्रीटमधलं मौन सोपं होतं, तिथे समोरून कोणी बोलत नव्हतं. इथे विनायकरावांना तीनदा खुलासा करावासा वाटला. तीनदा ते पाणी प्यायले.

बऱ्याच वेळाने सुनंदाबाई थांबल्या.

"हॉल केवढा आहे तिथला?"

"चौदा बायका बसतील. दाटीवाटीने."

"रविवारी दाखवा. बघते," त्या उठत म्हणाल्या. "हो म्हटलेलं नाही अजून."

"नाही, नाही," विनायकराव म्हणाले. "बिल्कुल नाही."