बेलन्याचं पेन आणि अद्रकाचा वास

मी एक जुना जिग आहे. नावाला हसू नका, मित्रांनो. सागवानी ठोकळा आणि त्यातून आडवी निघालेली पोलादी दांडी, एवढाच माझा देह. नागपुरात चंपतरावांचं सुतारकामाचं शेड आहे. त्यांची लेक मेघा तिथे लाकडाची पेनं बनवते. तिच्यासाठीच त्यांनी मला घडवलं.

माझं काम छोटं, पण नाजूक. पेनाच्या लाकडी तुकड्याला आरपार भोक पाडून आत पितळी नळी चिकटवतात. ती माझ्या दांडीवर चढते. समोर पॉलिश पेपरची चकती गरगर फिरते, आणि मी तुकड्याला हलकेच तिच्याशी भेटवतो. टोक काटकोनात घासलं जातं. तिरपं राहिलं, तर पेन जोडताना फट पडते. मग मेघा म्हणते, "पाहा, पेन दात काढून राहिलं!"

काटकोन तपासायला सुताराकडे गुण्या असतो. "हा गुण्याचा सख्खा भाऊ आहे," असं चंपतराव मला थोपटून सांगत.

पण त्याच हातांनी मला एकदा चहाच्या शेगडीपाशी नेलं. दांडीची झाली मूठ, ठोकळ्याचा झाला बत्ता. मी अद्रक कुटू लागलो! चहाची वाहवा झाली. रस माझ्या अंगात मुरला, दांडी कलली. माझ्याकडे कोण बघतो?

तशात प्रयागबाईंचं, म्हणजे मेघाच्या आईचं, पोळ्या लाटायचं माहेरचं शिसवी बेलनं मोडलं.

"फेकू नको वं," त्या लेकीला म्हणाल्या. "याचं पेन करून दे. माह्या आईची भुलाबाईची गाणी आता मलेच येतात. कोजागिरीले लिहून काढतो."

बेलन्याला आतून चीर गेली होती. पेनापुरता एकच धड तुकडा निघाला. तो माझ्या दांडीवर चढला, चकती फिरली, आणि मी घाबरलो. टोक तिरपं चाललं होतं, पण मला तोंड कुठे आहे? इतक्यात दांडी तापली आणि तिच्या बुडाशी मुरलेला रस दरवळला.

मेघाने झटकन मशीन थांबवलं. "बाबा, जिगले अद्रकाचा वास काहून येऊन राहिला?"

"सर्दी झाली असन त्याले."

"बाबा!"

"एक-दोन बार कुटलं वं. पकडाले बरा पडते."

मेघाने गुण्या लावला. फटीतून उजेड दिसला. ती तशीच घासत राहिली असती, तर नळी आखूड होऊन पेन वाया गेलं असतं.

"माह्यं बेलनं तुम्ही चहातच टाकलं असतं!" प्रयागबाई दारातून कडाडल्या.

चंपतरावांनी नवी, सरळ दांडी बसवली. गुण्या लावून दोनदा पाहिलं. मग मेघाने मला हळूहळू पुढे सरकवलं. लाकडाच्या कडेला नळीच्या पितळेचं गोल चांदणं चमकलं, म्हणजे घासणं पुरे, आणि तिचा हात थांबला. पेन जुळलं. कुठे दात नाहीत!

मित्रांनो, तुमच्या घरच्या हत्यारांना त्यांचंच काम द्या, आणि काम झालं की पुसून जागेवर ठेवा. आम्हाला बोलता येत नाही, आणि प्रत्येकाच्या अंगाला अद्रकाचा वास नसतो.

चंपतरावांच्या शेगडीपाशी आता खलबत्ता आहे. आणि कोजागिरीला प्रयागबाईंनी आईच्या गाण्यांआधी, पेन चालतं का ते पाहायला, स्वतःचंच एक लिहिलं:

बेलनं मोडलं, लेखणी झाली,
बाई, शब्दांची पोळी फुगून आली!