सांजेचा टोल

फाल्गुनातली पिवळीधमक दुपार कृष्णाकाठी उतरली होती. आकाश पिवळं, वारा पिवळा, आणि खळ्यावर पसरलेली हळकुंडं तर सुवर्णपीत, सूर्यस्नात, सुगंधमय. काहिलीतून वाफेचे धवल लोट उठत होते. शिजत्या हळदीचा उग्र, उष्ण, उदार दरवळ शिवारभर पसरत होता. हळदीला सोवळं-ओवळं ठाऊक नसतं. नवरीच्या गालाला लागते, तीच कापल्या बोटालाही लागते.

त्या पिवळाईतून सिद्राम चालत आला. कारागृहाच्या करड्या भिंतींआड कित्येक ऋतू हरवून आलेला, उन्हाला पारख्या झालेल्या डोळ्यांचा सिद्राम. रक्तात एचआयव्ही आहे, हे त्याला आतच कळलं होतं. सोबत होती मेहेरबी. सुटणाऱ्या अशा माणसांना तुरुंगाच्या दारातच गाठायचं आणि घराआधी दवाखान्यात न्यायचं, ही तिची रीत. आधी गोळ्या, मग गळाभेट, असं ती दटावून सांगे. ती स्वतःही रोज तीच गोळी घेई, म्हणून तिचं दटावणं कुणाला लागत नसे.

गोळी रोज घ्यायची, चुकवायची नाही; चुकत गेली की आजार डोकं वर काढणार. वेळ ध्यानात राहील ना, असं तिनं वाटेत विचारलं, तेव्हा सिद्राम हसला होता. आत एकदाही चुकली नाही, आता कशी चुकेल? त्याला धास्ती होती ती गौराक्काची; आजाराचं त्यानं तिला आधीच कळवलं होतं. आईबापांमागे उरलेली ही एकच थोरली बहीण, या खळ्याची मुकादमीण. ती घरात घेईल, की ओसरीवरच ठेवील?

आक्कानं त्याला पाहिलं. पिवळे हात पदराला पुसले, पुन्हा पुसले. पुढे मात्र केले नाहीत. ओसरीच्या कोपऱ्यात वेगळं ताट, वेगळा पेला मांडलेला होता. नवा, लखलखीत, निर्दय पेला.

मेहेरबीनं तिला शेजारी बसवून समजावलं. एका ताटात जेवल्यानं, एका भांड्यातून पाणी प्यायल्यानं हा आजार लागत नाही. आक्का मान हलवत राहिली. पेला तिथंच राहिला.

सांज झाली. आभाळाची हळद उतरली, कुंकू उतरलं, मग काजळ पसरलं. कामावरच्या बायका केव्हाच पांगल्या होत्या. सकाळी त्यांना बोलवायला आक्का लिंबाला टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा वाजवी. घरी जायला मात्र कुणाला टोल लागत नसे. दिवा लागला. सिद्राम भिंतीला टेकून, गोळ्यांची डबी मुठीत धरून, कान देऊन बसला होता.

शेवटच्या एसटीसाठी उठलेली मेहेरबी थबकली. "सिद्राम, गोळी घेतलीस?"

"अजून टोल कुठं झालाय, आपा?"

बोलला आणि स्वतःच दचकला. आत बराकी बंद होताना रोज टोल पडे, आणि त्या टोलाला गोळी. वेळ आपल्या ध्यानात आहे असं त्याला वाटलं होतं. ती ध्यानात होती त्या लोखंडाच्या. सुटून आलेल्या माणसाचे हात अजून आतच होते. त्याला लाज वाटली, आणि भीती वाटली.

गौराक्का उठली. अंधारातून लिंबाखाली गेली. हातोडी उचलली.

ठण्ण... ठण्ण...

परतली ती आपला पाण्याचा तांब्या घेऊन. सिद्रामनं गोळी जिभेवर ठेवली, तांब्या उंच धरला, ओठ न लावता वरून धार धरू लागला. आक्कानं त्याचा हात खाली ओढला.

"तोंड लावून पी."

तो प्यायला. उरलेलं पाणी ती स्वतः प्यायली, तिथंच, त्याच काठाला ओठ लावून. मग पदरानं त्याचं तोंड पुसलं, लहानपणी पुसायची तसं. "रोज दीन टोल," ती म्हणाली. "म्या हाय न्हवं."

सिद्राम रडला, मोकळा मोकळा रडला. मेहेरबीची एसटी चुकली, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. त्याच टोलाला तिनंही आपली गोळी घेतली, त्याच तांब्यातून.

आता काम सुटल्यावर, खळं रिकामं झाल्यावर, लिंबाखाली रोज टोल होतो. ही आता कुणाला कामाला बोलावते म्हणून बायका आक्काची थट्टा करतात. नाद हळदीवरून जातो, वाफेवरून जातो, काळोख्या पाण्यावरून पैलतीरी जातो. आणि ऐलतीरी, ओसरीवर, तांब्या या हातातून त्या हातात जातो.