वाटून दिलेले हात

बुलढाण्यात खताच्या दुकानावरच्या खोलीत सुचिता चिनी भाषा शिकवायची. ऐकणारा आधी हसायचाच. कापूस-सोयाबीनच्या मुलखात चिनी कशाला, म्हणायचा. पण पुण्याकडच्या कारखान्यांत चिनी यंत्रं येतात, त्यांच्यासोबत चिनी माणसं येतात, आणि त्यांचं बोलणं समजावून सांगणाऱ्याला चांगली नोकरी लागते, हे एकदा कानावर गेलं की तोच माणूस आपल्या पोराचं नाव घालायला यायचा.

खोलीत सुरुवातीला बाकंच नव्हती. सतरंजीवर गोल करून बसायचं. चिनीत आवाज चढवला-उतरवला की अर्थ बदलतो, त्यामुळे सगळी पोरं गळे ताणून सूर लावायची आणि खालचा दुकानदार जिन्यातून विचारायचा, "भांडण लागलं का बे वर?" चुकलं की सगळे हसायचे, त्यात चुकणारा सगळ्यात आधी. कुणाला घरी जायची घाई नसायची.

सगळ्यात मोठा आवाज अलफियाचा. देऊळघाटच्या मोईज सुताराची ही पोरगी. उत्तर येवो न येवो, हिचा हात आधी वर. निम्म्या वेळा चुकायची, आणि लगेच म्हणायची, "थांबा मॅडम, अजून एक बार म्हणते." बापाच्या करवतीच्या आवाजावर आवाज काढून ती घरी सूर घोटायची. पुण्याला जायचंच, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि स्वतःच्या जोरावर मोईज तिला पाठवू शकणार नव्हता, हेही तिला ठाऊक होतं.

अशात बातमी आली. पुण्याच्या कंपनीचे एक साहेब वर्ग बघायला येणार, दोघांना निवडणार आणि राहण्या-खाण्यासकट वर्षभर पुढचं शिकवणार. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नारायणराव धावतच जिना चढून आले.

"मॅडम, सतरंजी उचला. हे काय भजन हाय का? बाकं लावा. अन् आपलं ते शाळेतलं करा. साहेबानं विचारलं का सगळ्याचे हात वर. येते त्याचा उजवा, नाही येत त्याचा डावा. नाव तुमी घ्या, उजव्याचंच घ्या. वर्ग कसा भरल्यासारखा दिसते."

शाळेत तपासणीला साहेब आला की हे व्हायचंच. लहानपणी धामणगाव बढ्याच्या शाळेत सुचितानंही डावा हात वर केला होता, मजेत केला होता. पण आता तिनं त्यात स्वतःची अक्कल घातली. ऐन वेळी गोंधळ नको म्हणून हात आधीच वाटून दिले. तू उजवा, तू उजवा, तू डावा. अलफियाला डावा.

का? तर म्हणे अलफियाचे सूर डगमगतात. बरं, डगमगत होतेच. पण खरं कारण ते नव्हतं. अलफिया साहेबांपुढे 'मला'चं 'मले' म्हणाली असती, 'का'चं 'काऊन' म्हणाली असती. पुण्यात शिकताना सुचिता असंच बोलली होती आणि अख्खा वर्ग खिदळला होता. त्या दिवसापासून तिनं आपली बोली अशी गिळून टाकली की घरी आईशीसुद्धा ती छापील बोलायची. ते हसू पुन्हा ऐकायला लागू नये, म्हणून तिनं अलफियाला मागच्या बाकावर बसवलं.

साहेब आले. खुर्चीवर बसले. म्हणाले, "यंत्र बिघडलंय, हात लावू नका. हे चिनीत कसं सांगाल?"

सगळे हात वर. अलफियाचा डावा सगळ्यात उंच. पोरगी बाकावरून अर्धी उठली होती. सुचितानं तिच्याकडे बघितलं आणि उजवा मिळालेल्या ज्ञानेश्वरचं नाव घेतलं. पुढच्या प्रश्नाला राजकुमारचं. तेच दोघं निवडले गेले. नारायणरावांनी पेढे वाटले, अलफियानंही खाल्ला.

बाकं मग तशीच राहिली. नारायणरावांना ती रांग आवडली होती. ज्यांना डावा मिळाला होता ते मागेच बसायला लागले आणि मग एकेक करून यायचेच बंद झाले. सूर लावायला सांगितलं की पोरं तोंडातल्या तोंडात पुटपुटायची. दुकानदारानं एकदा विचारलं, "मॅडम, क्लास बंद केला काय?" सुचिता हसली, पण तिला ते लागलं.

अलफिया मात्र यायची. गप्प बसायची, पण यायची.

एका संध्याकाळी सुचितानं बाकं भिंतीला सरकवली, सतरंजी अंथरली आणि राहिलेल्या पोरांना गोल बसवलं. काहीतरी विचारायचं म्हणून साहेबांचंच वाक्य विचारलं. कुणी हललं नाही. मग एक हात वर गेला. अलफियाचा. डावा.

"डावाच राहू दे," सुचिता म्हणाली, "येईल तसं सांग."

अलफियानं सांगितलं. एकही सूर न चुकता, जिथं चढायचा तिथं चढवून आणि जिथं उतरायचा तिथं उतरवून, इतकं सरळ की सुचिताला दुरुस्त करायला काही सापडेना.

"हे कधीपासून येतं तुला?"

"साहेब आले होते, तवाबी येत होतं."

"मंग डावा काऊन केला व?" किती वर्षांनी सुचिताच्या तोंडून ते शब्द निघाले, आणि कुणीही हसलं नाही.

अलफियाच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर सुचिताला बरं वाटलं असतं. "तुमीच तर दिला होता, मॅडम. मले वाटलं, मले येते का नाही ते माह्यापेक्षा तुमालेच जास्त समजते."

सुचिताला पोरीच्या नजरेला नजर देववेना. ती सतरंजीच्या काठाकडे बघत राहिली.

"मले समजत नव्हतं," ती कशीबशी म्हणाली. "तुले येत होतं. माह्यं चुकलं."

अलफियाचा हात अजून तसाच वर होता.

"मंग आता कोणता करू, मॅडम?"