बावीस दिवसांची हजेरी

साथीत शाळा बंद झाली आणि माझ्या हातातली घंटा गेली. अठरा वर्षं मी ती वाजवली. मग शाळा मोबाइलमध्ये भरायला लागली आणि शिपाईबाईला काम उरलं एकच. दर सोमवारी फाटकावर टेबल टाकायचं, सरावाचे कागद वाटायचे, वहीत पालकांची सही घ्यायची. पोरं मला मावशी म्हणतात. मोठे सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, 'अहो, ऐका' म्हणतात.

या मोठ्या सरांनी घरात बसून एक नियम काढला. सलग पंधरा दिवस तासाला नसेल त्याचं नाव कमी, जागा प्रवेशाच्या रांगेतल्या पुढच्याला. ज्यांच्या घरी माणसागणिक मोबाइल, त्या पालकांनी ग्रुपवर पसंतीचे अंगठे टाकले. कॅमेरा लावला की तास अडकायचा, म्हणून कॅमेरे बंद. बाई क्रमांक पुकारायच्या, पोरांनी 'हजर' लिहायचं. झाली शाळा.

सातवीत एक चिमणी आहे. आवाज इतका बारीक की समोर उभी राहिली तरी दोनदा विचारावं लागतं. आई दवाखान्याच्या धुलाईत कामाला, धाकटा भाऊ चार वर्षांचा, बाप कधीचाच निघून गेलेला. तिची मैत्रीण ढोल. ती वर्गात कुजबुजली तरी मला फाटकावर कळायचं.

त्या महिन्यात ढोल दर सोमवारी दोघींचे कागद न्यायची. चिमणीच्या आईची सहीसुद्धा तीच ठोकायची, माझ्या डोळ्यांदेखत. मी चालवून घेतलं. रांग मोठी होती, पाय दुखत होते, आणि पोरगी मैत्रिणीसाठी धावतेय हे बघून बरं वाटत होतं.

महिनाअखेरीस मोठ्या सरांनी प्रमाणपत्रं काढली. शंभर टक्के हजेरी, सातवीतून एकटी चिमणी. मला हुकूम आला की तिच्या घरी जाऊन द्या आणि फोटो काढा, ग्रुपवर टाकायचाय.

गेले. तिसऱ्या मजल्यावर दार ठोठावलं. दार आधी बोटभर, मग पुरतं उघडलं. आत चिमणी, केसांच्या जटा, कडेवर भाऊ. त्याच्या अंगात ताप इतका की धग मला दारातून जाणवली. मागे जमिनीवर डाळीचा रिकामा डबा पालथा पडलेला.

"आई कुठाय गं?"

"दवाखान्यात ठेवलीय. बावीस दिवस झाले. एक माणूस सांगून गेला, घराबाहेर पडू नका."

मोबाइल आईबरोबर गेलेला. शेजारी दोन-तीन दिवसांनी जिन्यात पिशवी ठेवायचे आणि ती घ्यायला यायच्या आत आपलं दार लावून घ्यायचे. दवाखान्यातल्या बाईचं घर ना ते. मग तिने प्रमाणपत्राकडे बघितलं आणि विचारलं, "माझं नाव काढलं का, मावशी?"

मी तिथूनच सातवीच्या बाईंना फोन लावला आणि चिमणीचं नाव घेतलं. बाईंचा तास चालू होता, त्या वैतागल्याच.

"मावशी, नंतर बोलू. चिमणी तासाला आहे, आत्ताच हजर लिहिलंय तिने."

"बाई, ती माझ्यासमोर उभी आहे."

मग बाईंनी वर्गाला विचारलेलं मला ऐकू आलं. चिमणीच्या नावाने कोण बसलंय? शेवटी ढोल बोलली, आणि पहिल्यांदाच तिचं बोलणं मला नीट ऐकू येईना. आई मोबाइल घेऊन जाताना चिमणीने एवढंच कळवलं होतं, दोन दिवस माझी हजेरी लाव. दोनाचे बावीस झाले. ढोल आणि वर्गातल्या आणखी दोघी, तिघींनी कामं वाटून घेतली होती. एक हजेरी लिहायची, एक चिमणीच्या अक्षरात अभ्यास करायची, ढोल कागद आणायची. नाव जाऊ नये म्हणून पोरींनी जिवाचं रान केलं. आणि हजेरी इतकी चोख की चिमणी कुठंय हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. बाईंना नाही, मोठ्या सरांना नाही.

मला तर नाहीच. आणि माझं पाप सगळ्यात मोठं. दुसऱ्या सोमवारी चिमणी आली होती. भावाला घेऊन रस्त्यापलीकडे उभी होती, तोंड झाकलेलं, काहीतरी सांगत होती. मी टेबलावरून ओरडले होते, तुझे कागद गेले गं, गर्दी करू नको, घरी जा. ती गेली. शहाणी पोर, सांगितलेलं ऐकते.

बाई तासाभरात आल्या, डॉक्टरला घेऊन. भावाचा ताप दोन दिवसांनी उतरला. शाळेमागच्या माझ्या खोलीत मी दोघांना आणलं. मोठे सर फोनवर म्हणाले, अहो, ऐका, शाळेच्या आवारात असं चालणार नाही. मी म्हटलं, मग तुम्ही तुमच्या घरी न्या. फोन ठेवला त्यांनी. आईचा निरोप चौथ्या दिवशी मिळाला. जिवंत आहे, पण उठून बसायला अजून वेळ लागेल.

मोठ्या सरांना हे प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी सुचवलं, हजेरी लागलीय ती लागलीय, प्रमाणपत्र तेवढं परत घ्या, बाहेर वाच्यता नको. बाई चिमणीला समजवायला आल्या. तुझं नाव राहील, म्हणाल्या, आम्ही काही बदलत नाही.

चिमणी भावाला भात भरवत होती. घास तसाच हातात राहिला.

"मी नव्हते, बाई. बावीस दिवस मी कुठेच नव्हते. तसंच लिहा."

"अगं, नाव जाईल तुझं."

"जाऊ दे. पण खोटं लिहू नका."

ते मला दोनदा विचारावं लागलं नाही. बाईंनी त्याच दिवशी त्या बावीस दिवसांच्या हजेरीवर लाल फुल्या मारल्या आणि तक्ता मोठ्या सरांकडे धाडला. सोबत मी फाटकावरची वही दिली. खोट्या सहीच्या प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, बघत होते, अडवलं नाही. मोठ्या सरांनी अजून चिमणीचं नाव काढलेलं नाही. ठेवलंय असंही कळवलेलं नाही. रांगेतल्या पुढच्या पोराचा बाप मात्र दोनदा चौकशी करून गेला.

ढोल रोज येते. पायरीवर बसते, चिमणी आत, मध्ये दार उघडं. चिमणी तिच्याशी बोलत नव्हती. ढोलही गप्प, म्हणजे बघा. काल तिने बावीस दिवसांचे सोडवलेले कागद उंबऱ्यावर ठेवले. चिमणीने बराच वेळ हात लावला नाही. मग वरचा कागद ओढला, डोळ्यांजवळ धरला.

"पाचवं गणित चुकलंय," ती म्हणाली. "माझ्या नावावर."

ढोलने मान खाली घातली. चिमणीने पेन्सिल घेतली आणि कागद गुडघ्यावर ठेवून ते गणित खोडून नव्याने सोडवायला सुरुवात केली.