विहीणबाईंसाठी एक वाक्य

गिरीश सोमण जास्तीत जास्त स्तुती करत ती 'बरा आहे' एवढीच, आणि तीही बायकोच्या आग्रहावरून. लेक शाल्मलीनं पसंत केलेला एडविन लाम आईला घेऊन ब्रॅकनेलला त्यांच्या घरी आला, तेव्हा ते 'नॉट बॅड' म्हणाले. त्यांच्या मते हा कौतुकाचा कळस होता. हाँगकाँगहून आलेल्या लामबाईंना तो नकार वाटला. जिथे आपला मुलगा पसंत नाही तिथे सोयरीक नाही, असं त्यांनी बर्मिंगहॅमला परतताच सांगून टाकलं.

"बाबा, तू बिघडवलंस, तूच फिक्स कर," शाल्मली म्हणाली. "त्यांच्या भाषेत. फीलिंग्जसकट."

एडविन व्हिडिओ कॉलवर आईची भाषा शिकवू लागला. सोमणांना वाटलं होतं, आभारप्रदर्शनासारखी चार वाक्यं असतील. इथे तर रागावलेल्या माणसाच्या डोळ्या-कानांसकट सातही छिद्रांतून धूर निघत होता. घाबरलेल्याचं काळीज क्षणभर जागा सोडत होतं. आनंद झाला की माणूस सरळ उडतच होता. आणि हे सगळं म्हणे लोक भाजी घेताना बोलतात. सोमण थक्क झाले. एवढं सामान आपल्याही आत असणार, आणि आपण ते अर्धं आयुष्य माळ्यावर टाकून दिलं.

ऑफिसला जाताना गाडीच्या काचा बंद करून ते आनंदानं उडण्याचा सराव करू लागले. राउंडअबाउटवर कुणी आडवा घुसला तर सात छिद्रं आठवत, आणि फार बरं वाटे.

बर्मिंगहॅमच्या हॉटेलात जेवण ठरलं. शाल्मली लामबाईंच्या शेजारी बसून, किटलीचं झाकण बोटानं सावरत त्यांच्या कपात चहा ओतत होती, जणू त्यांच्याच घरात वाढलेली. सोमण उभे राहिले. उडण्याचं वाक्य जिभेवर होतं. लेकीकडे नजर गेली, आणि बाहेर पडलं ते दुसरंच.

"को साम लेइ यात लेइ." म्हणजे, काळजानं जागा सोडली.

एडविननं डोळे मिटून घेतले. लामबाईंनी शाल्मलीकडे पाहिलं, मग बराच वेळ सोमणांकडे. मुलाला त्या हळूच काहीतरी म्हणाल्या. ते एडविननं सांगितलं: म्हणजे हे खरंच मुलगी देताहेत.

मग शाल्मलीनं शिकवलेलं मराठी, एकेक अक्षर सांभाळत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या सोमणांना म्हणाल्या, "बरे आहात."

सोमण खुर्चीत बसले खरे, पण पाय काही केल्या जमिनीला लागेनात.