ताईपासून धाकटीला

धाकटी घरी बसून भाषांतराचं काम करायची. घरी बसून म्हणजे जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला. दुसऱ्या टोकाला सासूबाई भाजी निवडत बसत आणि निवडता निवडता तिच्या कामात नाक खुपसत. काम तसं फार थोर नव्हतं. धुलाई यंत्राच्या सूचना, औषधांबरोबरचे कागद, मोबाइलमधल्या अ‍ॅपची बटणं. ‘पुढे जा’, ‘रद्द करा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’. नवरा म्हणायचा, आपल्या घरात सगळ्यात जास्त वाचली जाणारी लेखिका हीच, फक्त हे कुणाला माहीत नाही.

त्या दिवसांत हाती असलेलं काम पार्सल पाठवायच्या एका नव्या अ‍ॅपचं होतं. दुकानातली वस्तू निवडा, नाहीतर घरातलीच खोक्यात भरून ठेवा. माणूस येतो, घेऊन जातो आणि सांगाल त्या दारात नेऊन देतो. अ‍ॅप बऱ्याच भाषांमध्ये एकदमच निघणार होतं. कंपनीने इंग्रजी शब्दांचा तक्ता सगळ्यांना पाठवला होता. धाकटी भराभर खाली सरकत होती आणि एका ओळीपाशी तिची गाडी अडली. त्या ओळीत एकच शब्द होता, ‘फ्रॉम’. मागे काही नाही, पुढे काही नाही.

“फ्रॉमला मराठीत काय म्हणशील रे?” तिने दाढी करणाऱ्या नवऱ्याला विचारलं.

“पासून.”

“कशापासून?”

“ते तू सांग. प्रश्न तुझा आहे.”

“पासून कसं होईल?” सासूबाई म्हणाल्या. “कुणी काही दिलं तर कडून. मामाकडून. मामापासून म्हणजे मामा लांब राहिला.”

“आणि डब्यातनं काढलं तर?”

“डब्यातून.”

“कपाटाच्या वरचं काढलं तर?”

“कपाटावरून. आणि परगावाहून आलं तर परगावाहून.” मग सासूबाई जरा घुटमळल्या. “पण लोकर मेंढीपासून मिळते. मेंढीकडून नाही मिळत. आता का नाही, ती मेंढीच देते ना?” या विचारात त्यांनी निवडलेली भाजी आणि देठं एकाच चाळणीत टाकली आणि मग तिघांनी मिळून ती पुन्हा वेगळी केली.

भाषांतर करणाऱ्यांचा फोनवर एक गट होता. सगळे आपापल्या देशात, आपापल्या टेबलांवर. काम वाटणारी मुलगी हुशार होती, पण वर्गातल्या मॉनिटरसारखी मागे लागायची, म्हणून सगळे तिला मॉनिटरच म्हणत. धाकटीने तिथे विचारलं, हा ‘फ्रॉम’ कुठे येतो?

“फक्त फ्रॉम आहे,” मॉनिटरने कळवलं. “चार अक्षरांचा शब्द आहे. सोपा आहे.”

बांध फुटावा तसं झालं. तुर्की बाई म्हणाली, आमच्यात हा शब्द सुटा नसतोच, नावाला शेपटासारखा लागतो. आणि नावातला शेवटचा स्वर ऐकल्याशिवाय शेपटाचा स्वर ठरत नाही. तेव्हा आधी नाव सांगा. हंगेरियन गृहस्थ म्हणाले, आमच्यात आतून आलं, वरून आलं आणि जवळून आलं यांची तीन शेपटं आहेत, कोणतं लावू? रशियन मुलाने कळवलं की त्याच्याकडेही तीन आहेत, पण ती पुढे लागतात आणि वर माणसाचं नावही बदलतं. जपानी बाई एवढंच म्हणाली की माझं झालं, पण इतक्या लवकर झालं म्हणून भीती वाटते.

“मला प्रत्येकाकडून एकच शब्द हवाय,” मॉनिटर म्हणाली. मग ती इंजिनिअरला विचारायला गेली. शेवटी तिचा निरोप आला: “सापडलं! किमतीच्या आधी येतो. फ्रॉम, आणि पुढे आकडा. इतक्यापासून वस्तू मिळतील, असा.”

हात्तिच्या, म्हणजे नवऱ्याचं ‘पासून’च बरोबर. धाकटीने ते लिहिलं आणि बजावून कळवलं की आमच्यात हा शब्द आधी येत नाही. मागून येतो आणि चिकटतो, तेव्हा जागा बदला. मॉनिटरने इंजिनिअरला सांगून जागा बदलून घेतली. धाकटीला फार बरं वाटलं. आपलं म्हणणं कुणी ऐकलं की वाटतं तसं.

खरं तर त्या काळात तिचं म्हणणं ऐकणारी माणसं कमीच होती. सख्खी बहीण तिच्याशी बोलत नव्हती. वडील गेल्यापासून आई ताईकडे राहायची. ताईचं गाव बसने अर्ध्या दिवसावर. कधीतरी धाकटी फोनवर सहज म्हणाली, “ताई, थंडीत आईला माझ्याकडे पाठव.”

“पाठव?” ताई म्हणाली. “आई काय पार्सल आहे?”

“अगं, तसं नाही.”

“न्यायला ये म्हटलं तर तुला काम असतं. आणि पाठव म्हणे!”

फोन आपटायची सोय आता राहिलेली नाही, नाहीतर ताईने आपटलाच असता. तेव्हापासून दोघींमध्ये अबोला. आईशी बोलायचं तर ताईच्याच फोनवर, म्हणून तेही बंद. धाकटी मनाशी म्हणायची, मोठी आहे, तिने करावा फोन. ताई काय म्हणत असेल ते सांगायला नको.

आणि एका सकाळी दारात खोकं आलं. चांगलं मोठं, चिकटपट्टीने आवळलेलं. वर ठळक छापलं होतं: ‘ताईपासून धाकटीला’.

धाकटी दारातच उभी राहून ते वाचत राहिली. सासूबाईंनी चष्मा लावून वाचलं.

“ताईपासून काय? लांब राहा?”

“सावध राहा असेल,” नवरा म्हणाला, आणि बायकोचा चेहरा बघून लगेच, “काही नाही, काही नाही,” म्हणाला.

खोकं उघडलं. आत आईचा तपकिरी स्वेटर होता, कोपराला ठिगळ लावलेला. त्याखाली दुसरा स्वेटर, लोकरीचे मोजे, गुडघ्याचा पट्टा, गरम पाण्याची रबरी पिशवी, आणि सगळ्याच्या तळाशी आईची मागे पट्टा नसलेली चप्पल, कागदात गुंडाळलेली. बाकी चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

“म्हणजे आई येणार आहेत का?” नवऱ्याने विचारलं.

“की आता त्यांना यातलं काही लागणारच…” सासूबाईंनी स्वतःच्याच तोंडावर हात दाबला.

स्वेटर हातात धरून धाकटीने ताईला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, दुसऱ्या फोनवर बोलतेय असं सांगत होता. कुणाशी बोलतेय? डॉक्टरांशी? तिला ते मागचं भांडण आठवलं. आई काय पार्सल आहे? हे त्याचंच उत्तर असेल का? घे, पाठवली. आधी कपडे, मग माणूस. ताई तोंडाची फटकळ होती, पण इतकी? आणि ताईपासून म्हणजे काय? ताईपासून तुटलीस, असं?

मग तिची नजर पुन्हा त्या अक्षरांवर गेली. नाव आणि नावाला चिकटलेला शब्द. मागून आलेला.

“अगंबाई,” ती म्हणाली, “हे मी केलंय.”

“तू पाठवलंस?” नवरा चक्रावला. “तुलाच?”

“पाठवलं नाही. शब्द माझा आहे, त्या पार्सलच्या अ‍ॅपमधला. किमतीसाठी दिला होता, त्यांनी माणसांनाही लावला.”

“म्हणजे ताईंनी तसं लिहिलेलं नाही?”

“नाही. म्हणजे… तिच्याकडून आलंय इतकंच.”

“मग त्यांनी आईंचे कपडे का पाठवले?”

तेवढ्यात धाकटीच्या हातातला फोन वाजला. ताई. दोघी एकमेकींनाच लावत बसल्या होत्या, म्हणून लागत नव्हता.

“आई बरी आहे ना?” “आईचे स्वेटर तू नेलेस?” दोघी एकदमच बोलल्या.

“मी कशी नेईन?” धाकटी म्हणाली. “तू पाठवलेस ना?”

“मी? सकाळपासून कपाट उपसतेय मी. आई थंडीने कुडकुडतेय नि कपाटात एक स्वेटर नाही. आणि आत्ता फोनवर मेसेज आला, ‘पार्सल धाकटीला पोचलं’. मला वाटलं, तू गुपचूप मागवून घेतलेस.”

“खोक्यावर ‘ताईपासून’ असं लिहिलंय.”

“पासून? म्हणजे?”

“म्हणजे कडून.”

“मग कडून लिहायचं ना! कोणत्या गाढवाने लिहिलंय हे?”

“मी.”

ताईला हसू फुटलं. दाबायचा प्रयत्न करत होती, पण नाकातून आवाज आलाच. धाकटीलाही हसू आलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

“आई कुठेय?” तिने विचारलं.

“इथेच. भिंतीकडे बघत बसलीय. माझ्याकडे बघत नाहीये. थांब.”

आई फोनवर आली. “पोचलं का गं?”

“आई, तू पाठवलंस?”

“मी नाही, ताईच्या फोनवरून गेलं. शेजारीण फोन चालवत होती, मी बोट ठेवत होते.”

“म्हणजे तूच ना?”

“मीच. पण ताईकडून. तिचं नाव असावं म्हटलं, म्हणजे तू तिला फोन करशील. तू म्हणालीस पाठव. ताई म्हणाली, पाठवणार नाही. दोघी बोलेनात. म्हटलं, कपडे तर जाऊ देत. माणसाचं बघू मागून.”

“म्हणजे तू येतेयस?”

“असं कुठे म्हटलं मी?”

“मग कपडे का पाठवलेस?”

“ते मलाही नीट कळलं नाही बघ,” आई म्हणाली. “खोकं बांधताना वाटलं, जावं. खोकं गेलं आणि वाटलं, कशाला. आता इथे थंडी वाजतेय. तिकडे माझा स्वेटर आहे. काय करू, सांग.”

धाकटीने फोन ठेवला. तपकिरी स्वेटर पिशवीत घातला, वर मोजे घातले आणि नवऱ्याला म्हणाली, “मी जाऊन येते.”

“आणायला जातेस की द्यायला?”

“बसमध्ये ठरवते.”

बसमध्ये ठरलं काहीच नाही. उलट मॉनिटरचा निरोप येऊन पडला. धाकटीने निघताना तिला कळवलं होतं की तो शब्द पार्सलवर चुकीचा आहे, तिथे ‘कडून’ हवं. “मग ‘पासून’ चूक आहे का?” मॉनिटरने विचारलं होतं. नाही, तेही बरोबर आहे, असं धाकटीने लिहिलं. “दोन्ही बरोबर कसं असेल? खरा फ्रॉम कोणता?” धाकटीने समजवायचा प्रयत्न केला, मेंढीचंही उदाहरण दिलं, त्याने मॉनिटर अधिकच गोंधळली. पुढे त्या एका ओळीच्या दोन ओळी झाल्या. हंगेरियन गृहस्थांनी तिसरी मागितली म्हणतात. पण तोवर बस ताईच्या गावात शिरली होती आणि धाकटीने फोन पर्समध्ये टाकला होता.

दार ताईने उघडलं. केस तसेच, गाऊनवर शाल. दोघी दारातच उभ्या राहिल्या.

“न्यायला आलीस?”

“स्वेटर द्यायला आले.”

“म्हणजे नेत नाहीस?”

“तू म्हणशील तसं.”

“मी काय म्हणू? मी ने म्हटलं तर मी घालवली. नको म्हटलं तर मी अडवली.” ताई बाजूला झाली. “आत ये आधी, वारा येतोय.”

आई खाटेवर ताईचा मोठा कोट घालून बसली होती. बाह्यांमधून बोटंसुद्धा दिसत नव्हती. धाकटीने तिला स्वेटर चढवला, ताईने पायात मोजे घातले. एक मोजा एकीने, एक दुसरीने, असंच झालं ते. आई दोघींच्या डोक्यांकडे वरून बघत होती.

“तुला काय वाटतं, आई?” ताईने खाली बघतच विचारलं.

“चप्पल तिकडे गेलीय माझी,” आई म्हणाली.

एवढंच बोलली. पण मग ताईने आईच्या गोळ्या पिशवीत भरल्या, धाकटीने चष्मा शोधला, आणि तिघी चहा पिऊन निघाल्या. निर्णय असा कुणी घेतला नाही. ताई थांब्यापर्यंत सोडायला येते म्हणाली. रात्रीची बस आली. पायरी उंच होती, तेव्हा ताई आईला हात द्यायला वर चढली. आईला खिडकीशी बसवलं, पिशवी वर ठेवली, आणि आईने तिचा हात सोडेपर्यंत बस सुटली होती.

“अगं, उतर!” धाकटी म्हणाली.

“आता कुठे उतरू?” ताई शेजारी बसली. मग तिने स्वतःकडे पाहिलं. “गाऊन आहे माझ्या अंगात.”

“शाल आहे वरून. कळत नाही.”

“घराला कुलूप लावलंय का मी?”

कुलूप लावताना कुणीच कुणाला पाहिलेलं नव्हतं. ताईने शेजारणीला फोन लावला आणि ती दार बघायला गेली तेवढा वेळ फोन कानाशी धरून बसली. आईला खिडकीशी डुलकी लागली होती, तोंड किंचित उघडं. तिचं डोकं काचेवर आपटू नये म्हणून धाकटीने मध्ये आपला तळहात धरला.